हजेरीचे बहुमत

राज्यशास्त्र हा विषय भार्गव पाठराबे याने निवडला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. तो त्याच्या वाट्याला आला. बी. ए.च्या प्रवेशाच्या रांगेतून तो खिडकीपाशी पोहोचला तोवर भूगोल भरला होता, मानसशास्त्र भरले होते आणि गृहविज्ञान मुलांना देत नसत. खिडकीमागच्या बाबूने मान वर न करता विचारले, "राज्यशास्त्र लिहू?" भार्गव म्हणाला, "हव." देशाच्या राज्यकारभाराशी त्याचा शास्त्रीय संबंध जुळला तो इतक्या विचारांती.

पाठराब्यांचे सदर बाजारात कापडाचे दुकान होते. घराणे भोसल्यांच्या काळात नागपूरकडून रायपूरला आलेले. मूळ पुरुष फौजेत होता, असे घरातील एक पक्ष म्हणे. फौजेच्या हिशेबखात्यात होता, असे दुसरा म्हणे. गादीवर बसणारे आजोबा, नरहर पाठराबे, यांचे मत तिसरेच होते. "तंबूचं कापड मोजून देत होता तो. बाकी साऱ्या बाता आहेत." घराण्याच्या इतिहासात एवढेच एक विधान होते ज्याने कोणाचा मान वाढत नव्हता, त्यामुळे ते खरे असावे.

आजोबांना नातवाच्या शिक्षणाविषयी उत्सुकता होती, पण ती लवकर फिटली.

"काय शिकून राहिला तू तिथं?"

"पॉलिटिकल सायन्स, आजोबा."

"त्यात काय बनवतात?"

"कुछ बनाते नहीं. पढ़ते हैं."

"बनवत काही नाही, तं त्याले सायन्स काहून म्हणतात?"

या प्रश्नाचे उत्तर भार्गवपाशी नव्हते. पुढे तीन वर्षे शिकूनही ते आले नाही. परंतु तो दोष केवळ त्याचा नव्हता.

महाविद्यालय खासगी होते, शहराच्या टोकाला होते, आणि त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तशी पुष्कळ आहेत. राज्यशास्त्र विभागाचे प्रमुख होण्याच्या बेतात असलेले प्राध्यापक देवदत्त सोवनी हे मूळचे पुण्याचे. नव्या राजधानीतील एका कार्यालयात पत्नीची बदली झाली, आणि पत्नीपाठोपाठ सर समता कॉलनीत राहायला आले. रायपुरात मराठी माणसे पुष्कळ आहेत, फक्त मराठी तेवढी नाही, असे त्यांचे मत होते, आणि ते मत ते मराठी माणसांनाच ऐकवत.

त्यांची अध्यापनपद्धती आधुनिक होती. ते टिपणे आदल्या दिवशी मोबाइलच्या गटावर पाठवत. दुसऱ्या दिवशी तीच टिपणे वर्गात वाचून लिहून घेत. मग प्रत्येकाने लिहिलेल्या पानाचे छायाचित्र पुन्हा गटावर मागवत. ज्ञान अशा रीतीने सरांच्या मोबाइलमधून निघून, वर्गाला प्रदक्षिणा घालून, सरांच्याच मोबाइलमध्ये सुखरूप परत येई. वाटेत ते कोठे सांडले असल्याची तक्रार कधी आली नाही.

'लोकशाहीत प्रश्न विचारण्याचे महत्त्व' हा दहा गुणांचा प्रश्न होता व त्याचे सात मुद्दे होते. सहावा मुद्दा चालू असताना क्षमा वर्मा हिने हात वर केला. क्षमा अभनपूरहून रोज बसने येई आणि नावाला न शोभेल इतकी चिवट होती. वर्गातले बोलणे हिंदीत चाले. इथे ते मराठीत दिले आहे, कारण अपमान दोन्हींत सारखाच होतो.

"सर, प्रश्न विचारला आणि उत्तरच दिलं नाही, तर काय करायचं?"

"खाली बस. ते परीक्षेला नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी सातवा मुद्दा सांगितला: प्रश्नांमुळे सत्ताधारी जबाबदार राहतात. वर्गाने तो लिहून घेतला. क्षमानेही लिहिला.

वस्तुतः त्या वर्गात वर गेलेल्या हाताला एकच अर्थ उरला होता, आणि तो म्हणजे हजेरी. नावे पुकारण्यात वेळ जातो म्हणून सरांनी एक सुटसुटीत व्यवस्था लावली होती. तासाच्या शेवटी ते फक्त म्हणत, "हात." हात वर जात. सर ते मोजून आकडा सांगत, आणि वर्गप्रतिनिधी विकी हजेरीपत्रकात तेवढी नावे भरत असे. विकी हा संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेण्याची प्रथा महाविद्यालयात नव्हती. निवडणुकांचा अभ्यासक्रमावर अनिष्ट परिणाम होतो, असे प्राचार्यांचे मत होते, आणि अभ्यासक्रमात निवडणुका हे स्वतंत्र प्रकरण होते.

आता, ज्या व्यवस्थेत डोकी न मोजता हात मोजतात, तिथे माणसाला दोन हात असतात ही गोष्ट फार काळ लपून राहत नाही. ज्याचा मित्र आला नसेल तो दोन्ही हात वर करी. क्षमाची बस उशिरा आली की शेजारची अर्चना तिच्यासाठी डावा हात वर करी. सरांना हे ठाऊक होते की नव्हते, हाही प्रश्न परीक्षेला नव्हता.

भार्गवची अडचण अशी की त्याच्या शेजारी बसणारा मित्र दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी दिल्लीला निघून गेला, आणि तेव्हापासून त्याच्यासाठी उचलायला वर्गात एकही हात मोकळा राहिला नाही. जे होते ते सगळे आधीच कोणाच्या ना कोणाच्या नावाने ठरलेले. सकाळी दुकान उघडून द्यावे लागत असल्याने त्याचे पहिले दोन तास बुडत. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस सूचनाफलकावर यादी लागली, तीत त्याचे नाव होते. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. भार्गवची भरली अठ्ठावन्न.

घरी आजोबांनी निर्णय एका वाक्यात दिला. "परीक्षेले बसू नाही दिलं, तं उद्यापासून गादीवर बस. पण एक ध्यानात ठेव, या गादीवर जो बसला तो उठला नाही. मी बी एका वर्षासाठीच बसलो होतो."

भार्गवने त्या गादीकडे पाहिले. तिच्या मधोमध आजोबांच्या आकाराचा खड्डा पडला होता. तो खड्डा आपल्यालाही बरोबर बसेल अशी त्याला भीती वाटली, आणि दुसऱ्या दिवशी तो सोवनी सरांच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहिला.

"ये. अठ्ठावन्न टक्के म्हणजे काय रे, भार्गव?"

"सर, सकाळी दुकान उघडावं लागते. आजोबाले एकट्यानं शटर उचलत नाही."

"आजोबांना. आणि उचलत नाही नव्हे, उचलवत नाही. घरी मराठीच बोलता ना?"

भार्गवने अशा वेळी रायपूरची मराठी मुले करतात तेच केले; तो हिंदीत शिरला. "जी सर."

"एक मार्ग आहे," सर म्हणाले. "महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती येते आहे. तिच्यापुढे आपला विभाग युवा संसद सादर करणार. त्यात मला सभापती हवा आहे. तुझा आवाज मोठा आहे."

आवाज मोठा होता हे खरे. सदर बाजारात स्कूटरींच्या गर्दीवरून पलीकडच्या पदपथावरचे गिऱ्हाईक बोलावून तो तसा झाला होता.

"मैं तो कुछ जानता नहीं, सर."

"सभापतीला जाणायचं काही नसतं. लिहिलंय तेवढं वाचायचं. तालमीचे तास विशेष तास म्हणून धरू, तुझे पंचाहत्तर भरतील. पण संहितेबाहेर एक शब्द नाही. एक शब्द जरी बाहेर गेला तर अठ्ठावन्नचे अठ्ठावन्न. कळलं?"

"कळलं सर," भार्गव म्हणाला. त्यात सरांना दुरुस्तीला जागा सापडली नाही.

संहिता सरांनी स्वतः लिहिली होती. तीत प्रश्नोत्तरांचा तास होता, अविश्वास ठराव होता आणि योग्य ठिकाणी कंसात 'गोंधळ, अर्धा मिनिट' असे होते. गोंधळ बेशिस्त होतो म्हणून त्याच्या वेगळ्या तालमी झाल्या. विरोधी पक्षाचा सभात्यागही होता. पण सभात्याग करणाऱ्यांनी डाव्या दाराने बाहेर पडून व्हरांड्यातून धावत उजव्या दाराने परत यायचे होते, कारण शेवटी राष्ट्रगीताला माणसे कमी पडली असती. पंतप्रधान विकी होता. ते कोणी ठरवले नाही, आणि वेगळे काही होईल असे कोणाच्या मनातही आले नाही. विरोधी पक्षनेतेपद कोणी घेईना, कारण विरोधी बाके कॅमेऱ्यात येत नव्हती. ते क्षमाला मिळाले.

"सर," तिने पहिल्याच तालमीत विचारले, "माझ्या भाषणात सरकारवर अविश्वास आहे, पण सरकारनं काय केलं नाही ते लिहिलेलं नाही."

"ते सूचक ठेवलं आहे."

"मी ग्रंथालयाचं म्हणू? तीन वर्षं त्याला कुलूपच बघते आहे."

"संसदेत असे स्थानिक प्रश्न नसतात. आहे ते पाठ कर."

विकी मात्र काहीच पाठ करीत नव्हता. तो "आदरणीय सभापती महोदय" एवढे तोंडपाठ म्हणे आणि उरलेले मोबाइलवर वाची. वाचताना संदेश आला तर तो पाहून पुढे वाची. पंतप्रधान म्हणून तो शोभत नाही असे म्हणायला जागा नव्हती.

सत्ताधारी पक्षाची तीस मुले जमवणे हे खरे अवघड काम होते. ती केवळ विशेष तासांच्या हजेरीसाठी आणि नंतरच्या समोशासाठी येत. पहिल्या दिवशी संहितेप्रमाणे शेवटी मतदान घेतले आणि मग हजेरी घेतली. तेव्हा सरांच्या लक्षात आले की एकच काम दोनदा होते आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन्ही एकत्र केली. अविश्वास ठराव मांडून झाला की भार्गव म्हणे, "ठरावाच्या बाजूने असलेल्या सदस्यांनी हात वर करावेत." सगळे हात वर जात, सर मोजत, विकी नावे भरी, सगळे उठत आणि समोसे येत. ठराव पुढे फेटाळला जातो, हे संहितेत लिहिलेलेच होते. त्याची तालीम कशाला करायची? तीन आठवडे हे असे रोज झाले. शिक्षणशास्त्रात याला दृढीकरण म्हणतात, आणि ते उत्तम साधले होते.

समिती आली. तिच्या प्रमुख डॉ. वनमाला पटनायक या ओडिशाकडच्या निवृत्त प्राध्यापिका. पहिल्या रांगेत एका बाजूला संस्थेचे अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला प्राचार्य आणि मध्ये त्या. सभागृहात सदस्यांसाठी चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. भार्गव उंच आसनावर बसला. त्याच्यापुढे संहिता होती, आणि शेवटच्या पानावर सरांनी लाल शाईने चौकट केली होती: 'ठराव बहुमताने फेटाळण्यात आला आहे.' ती चौकट म्हणजे आपले सतरा टक्के, हे तो जाणून होता.

क्षमा ऐन वेळी पोहोचली. बस अभनपूरलाच अर्धा तास थांबली होती. ती धापा टाकत आपल्या बाकावर बसली, आणि शेजारच्या अर्चनाने तिच्याकडे पाहिलेही नाही, कारण अर्चना आपले 'शेम, शेम' मनात घोकत होती.

प्रश्नोत्तरे झाली. गोंधळ शिस्तीत झाला. सभात्याग करणारे वेळेत परतले, थोडे घामेजलेले. मग क्षमा ठराव मांडायला उठली. दोन वाक्ये तिने संहितेतली म्हटली आणि तिसरे स्वतःचे. "सभापती महोदय, या सरकारच्या राज्यात आमच्या ग्रंथालयाला तीन वर्षं कुलूप आहे. किल्ली कोणाकडे आहे, हे सरकारनं सांगावं."

पडद्याआडून सोवनी सरांनी तोंड पुढे काढले व परत घेतले. सभागृहाने पंतप्रधानांकडे पाहिले. विकीचे लक्ष नव्हते. आपली पाळी आली एवढे त्याला समजले, तो उठला आणि मोबाइलवरची पुढची ओळ त्याने वाचली. "आदरणीय सभापती महोदय, आमच्या सरकारने या दिशेने ऐतिहासिक पावले उचलली आहेत."

उत्तर इतके चपखल बसले की डॉ. पटनायक यांनी मान डोलावून काहीतरी लिहून घेतले. पडद्याआड सरांनी सुटकेचा श्वास टाकला. भार्गवनेही टाकला, आणि तो पुढची ओळ वाचू लागला. "ठरावाच्या बाजूने असलेल्या सदस्यांनी हात वर करावेत."

सगळे हात वर गेले.

विरोधकांचे गेले, ते जायचेच होते. सत्ताधारी तीसच्या तीस जणांचे गेले. अर्थमंत्र्यांचा गेला, संरक्षणमंत्र्यांचा जांभई देत गेला. पंतप्रधानांचा एक मित्र त्या दिवशी आला नव्हता. त्यामुळे पंतप्रधानांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध दोन्ही हात वर केले होते. अर्चनानेही दोन्ही वर केले होते, शेजारी क्षमा प्रत्यक्ष बसलेली असताना. इतक्या एकदिलाने कोणत्याही देशातले कोणतेही सरकार स्वतःवर अविश्वास दाखवायला उभे ठाकले नसेल.

भार्गवने पुढची ओळ वाचली. "ठरावाच्या विरुद्ध असलेल्यांनी हात वर करावेत." आधीचे हात खाली आले होते, नवा एकही वर गेला नाही. हजेरी लागून गेली होती. सदस्य समोशांच्या दाराकडे पाहत होते.

आता लाल चौकट. भार्गवने तोंड उघडले. तेवढ्यात क्षमा उठली आणि सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाली, "सभापती महोदय, मोजा."

इथे भार्गवच्या मनात संविधान, संसदीय नीतिमूल्ये किंवा सात मुद्द्यांपैकी एखादा मुद्दा उभा राहिला, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे काही झाले नाही. पाठराब्यांच्या दुकानात एक नियम होता. गिऱ्हाईक 'मोजा' म्हणाले की कितीही गर्दी असो, थान पुन्हा उलगडायचे, त्याच्यासमोर मोजायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचा. हा नियम भार्गवच्या अंगात तो शाळेत जाण्याआधीपासून मुरला होता. तीस जणांचे हात जसे आपोआप वर गेले, तसे त्याचे तोंड आपोआप म्हणाले, "हव, मोजतो."

"बाजूचे हात पुन्हा वर," म्हणत त्याने बोट पुढे केले आणि कापडाचा वार मोजावा तशा लयीत हात मोजले. शेवटी, सवयीप्रमाणे, पलीकडच्या पदपथापर्यंत जाईल एवढ्या आवाजात आकडा सांगितला. "त्रेपन्न."

डॉ. पटनायक यांनी चष्मा वर केला. "सभापती महोदय, सभागृहात सदस्य किती?"

"चाळीस, मॅडम."

संस्थेच्या अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिले. प्राचार्यांनी पडद्याकडे पाहिले. पडद्याआडून सोवनी सर अर्धे बाहेर आले आणि 'खाली घ्या, खाली' असे सुचवण्यासाठी त्यांनी पंजा उंचावला. सरांचा पंजा वर गेलेला पाहताच, ज्यांनी हात खाली घेतले होते त्यांनीही तत्परतेने पुन्हा वर केले.

आपण संहितेबाहेर गेलो, हे भार्गवला आता समजले. लाल चौकट अजून समोर होती. ती वाचली तर अजूनही निभावले असते. पण त्रेपन्न बाजूने आणि विरुद्ध शून्य असे मोजून झाल्यावर 'फेटाळला' कसे म्हणायचे? गिऱ्हाइकासमोर मोजलेले माप बदलणारा माणूस सदर बाजारात पुन्हा दुकान उघडू शकत नाही. आणि हे माप तर जगातल्या कोणत्याही दुकानात जुळले नसते.

"हात जास्त भरले," तो म्हणाला. "आता डोकी मोजू. ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी उभं राहावं."

उभे राहा म्हणजे तास सुटला. चाळीसच्या चाळीस सदस्य तत्क्षणी उभे राहिले, आणि काही जण चालूही लागले.

"चाळीस. होयचे बहुमत," भार्गव म्हणाला. "ठराव मंजूर. सरकार पडलं." त्याने संहिता मिटली. विकीने इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या.

प्राध्यापक सोवनी हे राज्यशास्त्राचे जाणकार होते, हे मान्य केले पाहिजे. ते धावत ध्वनिक्षेपकापाशी आले तोवर त्यांना धाप लागली होती, पण चेहरा ठरला होता. "मान्यवर, आपण आत्ता पाहिलंत ते आमच्या विभागाचं नावीन्य. बनावट मतदान कसं होतं, आणि दक्ष सभापती ते कसं पकडतो, याचं हे प्रात्यक्षिक. अथपासून इतिपर्यंत संहितेनुसार."

डॉ. पटनायक प्रसन्न झाल्या. "आणि ग्रंथालयाचा प्रश्नही संहितेत होता?"

"अर्थात. समस्येचं नाट्यीकरण."

"मग ग्रंथालय पाहूच या."

समिती ग्रंथालयाकडे गेली. किल्ली ज्यांच्याकडे होती ते बाबू रजेवर होते. सदस्यांनी काचेतून आत पाहिले. अहवालात पुढे अशी नोंद आली की ग्रंथसंपदा उत्तम स्थितीत असून पुस्तकांवर हाताळल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. दुसरी नोंद अशी होती की राज्यशास्त्र विभागाने मतगणनेत दाखवलेली दक्षता महाविद्यालयाने दैनंदिन हजेरीतही आणावी; यापुढे हात न मोजता डोकी मोजावीत, आणि तीही तासाच्या आरंभी.

संसद झाली त्याच संध्याकाळी सरांनी भार्गवला खोलीत बोलावले. बसायला सांगितले नाही.

"काय ठरलं होतं आपलं? संहितेबाहेर एक शब्द नाही."

भार्गव हिंदीत शिरणार होता. मग तो थांबला, आणि आजोबांच्या मराठीत, सावकाश, एकेक शब्द मोजून देत म्हणाला, "पण सर, तुम्हीच तं माइकवर सांगितलं न, समदं संहितेनुसार झालं म्हणून. मॅडमनं लिहून बी घेतलं. आता तुम्ही म्हणता, बाहेर गेलो. मग मी कोणाले काय सांगू?"

सरांचे ओठ हलले. त्या उत्तरात दुरुस्त करण्याजोग्या पुष्कळ जागा होत्या, आणि सर त्या सगळ्यांवरून एकेक करून गेले, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. एकही त्यांनी दुरुस्त केली नाही. त्यांनी हजेरीपत्रक ओढले, भार्गवच्या नावापुढे पंचाहत्तर लिहिले आणि सही केली.

"काय झालं तुह्या संसदेचं?" रात्री शटर ओढताना आजोबांनी विचारले.

"परीक्षेले बसू देतात म्हणे. सरकार पडलं."

"कसं पडलं?"

"मोजलं, आजोबा."

"मग पडनच," आजोबा म्हणाले. "जोर लाव, अडकून राहिलं ते कोपऱ्यात."

समितीची शिफारस लागू झाली. डोकी मोजायला विश्वासू माणूस हवा होता. प्राचार्यांनी त्या कामावर भार्गव पाठराबे याची नेमणूक केली. निवडणूक झाली नाही, हे सांगायला नकोच. विकीला बढती मिळून तो मुख्य प्रतिनिधी झाला. वर्ग मात्र भार्गवशी बोलेनासा झाला. ज्यांची हजेरी वर्षानुवर्षे परक्या हातांवर उभी होती, ते सगळे परीक्षेच्या तोंडावर एकाएकी दोन-दोन टक्क्यांनी कमी पडणार होते. क्षमाही त्यांत होती.

पहिल्या दिवशी सर आत आले, आणि भार्गव हजेरीपत्रक घेऊन टेबलापाशी उभा राहिला. क्षमाची जागा रिकामी होती. बस उशिरा होती.

"चल, मोज," सर म्हणाले.

सवयीने वर्गाचे हात वर गेले. अर्चनाने उजवा हात वर केला. डावा बाकावर होता; तो जरासा उचलला गेला, थांबला, आणि तिने दाराकडे पाहिले. दार रिकामे होते. तिने भार्गवकडे पाहिले.

भार्गवने मोजायला सुरुवात केली. मोजत मोजत तो त्या बाकापाशी आला. आपल्यासाठी कोणी हात उचलला नव्हता ते दीड वर्ष त्याला आठवले. 'मोजा' म्हणणारी क्षमा आठवली, आणि बाहेर ताटकळत ठेवणारी ती बस आठवली. अर्चनाचा डावा हात अजून धड खाली नव्हता, धड वर नव्हता. भार्गवचे बोट तिच्यावरून एकदा गेले, आणि मग दुसऱ्यांदा गेले.

वर्गाने ते पाहिले. मागच्या बाकावरून विकीचा दुसरा हात सावकाश वर आला. त्याच्या पलीकडे आणखी एक आला. भार्गवने तेही मोजले. एकीचा मोजायचा आणि दुसऱ्याचा नाही, हा पक्षपात झाला असता. शेवटी त्याने आकडा सांगितला, मोठ्याने. आकडा समोर दिसणाऱ्या डोक्यांपेक्षा बराच मोठा होता. सरांनी एकवार वर्गावर नजर फिरवली व पत्रकावर सही केली.

तेवढ्यात क्षमा दारात आली. केस धुळीने माखलेले, पिशवी खांद्यावरून घसरलेली.

"झाली हजेरी?" तिने भार्गवला हळूच विचारले.

"झाली."

"मी?"

"होतीस."

ती दारातच थांबली. "मी तर आत्ता येते आहे," ती म्हणाली. "तू मोजलंस ना?"

"मोजलं," भार्गव म्हणाला, आणि त्याने पत्रकात डोके घातले.

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडले, पण सर खडू घेऊन फळ्याकडे वळले होते. "खाली बस, क्षमा. लिहून घ्या. सभापतीचा निःपक्षपातीपणा. दहा गुण. मुद्दा पहिला."

वर्गाने लिहून घेतले. भार्गवनेही लिहिले. क्षमाने पिशवीतून वही काढली, थोडा वेळ पेन नुसतेच हातात धरले, आणि मग तिनेही लिहिले.